सोनें गेलें, यंत्र राहिलें

गेल्या खेपेस आम्हीं जुन्या पितळी भांड्यांविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनीनें पत्र धाडलें आहे. त्या लिहितात, “आमच्या मामंजींच्या ट्रंकेंत डबी नसलेलें, नुसतें यंत्र उरलेलें एक खिशांतलें घड्याळ सांपडलें. त्यावर इंग्रजींत ‘वॉल्थम’ असें कोरलें आहे. सोनारास दाखविलें, तर तो म्हणाला, यांत सोनें नाहीं, भंगारांत टाका. तर टाकावें काय?”

टाकूं नये, एवढें एका ओळीचें उत्तर लिहून भागलें असतें. परंतु हा प्रश्न आमच्या वर्मीं लागणारा आहे, आणि त्याचें खरें उत्तर द्यावयाचें म्हणजे आमच्या हातून घडलेला एक अपराधहि कबूल करणें भाग आहे. तेव्हां या महिन्याचीं पानें त्यासच वाहतों.

आमचे आजोबा नगरास राहून अमेरिकन मिशनच्या मंडळींस मराठी शिकवीत असत. (नगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, जिभेची सवय मात्र साठ वर्षांची आहे, म्हणून वाचकांनीं क्षमा करावी.) अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें नगरास पडलें तें १८३१ सालीं. तेव्हांपासून तिकडून आलेल्या कित्येक गृहस्थांनीं व त्यांच्या स्त्रियांनीं आपली भाषा आपल्याच शास्त्रीपंडितांपुढें बसून घोकली. धर्म त्यांचा त्यांजपाशीं, व्याकरण आमचें आमच्यापाशीं, असा तो अलिखित करार असे. या लोकांबरोबर नगरास अमेरिकेची यंत्रविद्याहि थोडीफार आली. गेल्या शतकाच्या आरंभीं हातमागांत सुधारणा करणारे चर्चिल नांवाचे यंत्रज्ञ याच मिशनचे, आणि त्यांचा माग नगरचाच.

अशाच एका गृहस्थानें स्वदेशीं परततांना आपल्या गुरूस दक्षिणा म्हणून खिशांतलें घड्याळ दिलें. तें एल्जिन कंपनीचें होतें. आजीनें तें सोवळ्याच्या घरांत कधीं येऊं दिलें नाहीं. पण वाड्यांत मुंज निघाली म्हणजे घंगाळांत घटिकापात्र तरंगत असे, आणि उपाध्ये त्याकडे पाहण्याचें मिष करून आजोबांच्या हातांतल्या घड्याळाकडे पाहत, असें आम्हीं वडिलांच्या तोंडून ऐकलें आहे. डबीचा रंग अस्सल सोन्याचा, मागल्या झांकणावर वेलबुट्टी. घरांत त्यास ‘सोन्याचें घड्याळ’ असेंच नांव होतें.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला. त्या सालीं नगर जिल्ह्यानें जें भोगलें तें ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको, आणि ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस सांगून कळावयाचें नाहीं. वडिलांनीं एके दिवशीं घड्याळ पंचाच्या पदरांत बांधलें व आम्हांस बरोबर घेऊन ते कापडबाजाराकडील एका सोनाराकडे गेले. सोनारानें कडेवर कानस मारली, तेजाबाचा थेंब टाकला, आणि मान हालविली. डबी सोन्याची नव्हती. पितळेसारख्या धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसविलेली होती. पन्नास वर्षें घरानें ज्याचा अभिमान धरला, तें एका थेंबासरशीं उघडें पडलें. वडिलांचा चेहरा आम्हांस अजून दिसतो. तरीहि त्यांनीं डबी विकली. पस्तीस रुपये आले, त्यांची ज्वारी आली. सोनारानें चाकूच्या टोंकानें यंत्र उचकटून कागदांत गुंडाळलें आणि ‘हें पोराला खेळायला’ म्हणून आमच्या हातीं दिलें. त्या वेळीं आमचें वय बारा वर्षांचें होतें.

आतां आमच्या वाचकभगिनीच्या मनांत पहिली शंका येईल ती ही, कीं घड्याळाचें यंत्र असें सुटें निघतें कसें? याचें उत्तर अमेरिकन व्यापाराच्या रीतींत आहे. तिकडील मोठे कारखाने पुष्कळ काळपर्यंत मुख्यतः यंत्रेंच करीत, आणि डबी करणारे कारखानदार वेगळे असत. गिऱ्हाईक जवाहिऱ्याच्या दुकानीं जाई, आधीं यंत्र पसंत करी, मग ऐपतीप्रमाणें सोन्याची, चांदीची, निकेलची किंवा पत्रा चढविलेली डबी निवडी, आणि दुकानदार तेथल्या तेथें दोहोंची जोडी लावून देई. हें जमावें म्हणून यंत्रांचीं मापें ठरलेलीं असत. अठरा नंबरचें यंत्र रुंदीस पाऊणेदोन इंचांहून किंचित् अधिक, सोळा नंबरचें एक पूर्णांक सात दशांश इंच. एका कारखान्याचें यंत्र दुसऱ्याच्या डबींत बसे. याच सोयीमुळें पुढें जेव्हां जेव्हां सोन्याचा भाव चढला तेव्हां तेव्हां डब्या मुशींत गेल्या आणि यंत्रें पोरकीं झालीं. हें अमेरिकेंतहि झालें, आपल्याकडेहि झालें. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत जीं नागवीं यंत्रें कधीं मुठीच्या भावानें मिळत, त्यांची हीच कुळकथा आहे.

आणि हीं यंत्रें सामान्य नव्हेत. १८५० सालीं ॲरन डेनिसन, एडवर्ड हॉवर्ड वगैरे मंडळींनीं बोस्टनजवळ एक उद्योग आरंभिला. १८५४ सालीं तो वॉल्थम गांवीं गेला. बंदुकांच्या कारखान्यांत सर्व सुटे भाग एकाच मापाचे करीत, कीं एकीचा घोडा दुसरीस बसावा. तीच पद्धत घड्याळास लावावी, अशी डेनिसनची कल्पना होती. युरोपांत घड्याळ म्हणजे एकेका कारागिराची हस्तकृति असे; एक दांडा मोडला तर कारागिरानें तो पुन्हा घडवावा. डेनिसनला लोकांनीं हंसून घेतलें, कंपनी एकदां १८५७ सालीं लिलांवांतहि निघाली. पण पद्धत टिकली. १८६४ सालीं शिकागोजवळ एल्जिन येथें दुसरा मोठा कारखाना निघाला. त्याचें पहिलें यंत्र १८६७ सालीं विक्रीस आलें. त्यावर क्रमांक होता १०१, आणि नांव होतें कंपनीचे पहिले अध्यक्ष बी. डब्ल्यू. रेमंड यांचें. पुढें इलिनॉय, हॅम्प्डन, हॅमिल्टन अशीं घराणीं निघालीं. १८७६ सालीं फिलाडेल्फियास मोठें प्रदर्शन भरलें. तेथें आलेल्या फाव्र-पेरे नांवाच्या स्विस परीक्षकानें वॉल्थमचें एक हलक्या प्रतीचें घड्याळ बरोबर नेलें. पॅरिसच्या घड्याळाशीं मिळविल्यावर सहा दिवसांत तें बत्तीस सेकंदच चुकलें. घरीं जाऊन त्यानें आपल्या देशबांधवांस स्पष्ट बजाविलें, कीं सावध व्हा, नाहीं तर बाजार हातचा गेला. स्विस लोक सावध झाले. शेवटीं बाजार त्यांच्याच हातीं राहिला, ही गोष्ट निराळी.

या घड्याळांची कसोटी लागली ती आगगाडीवर. १८९१ च्या एप्रिलांत ओहायो प्रांतीं किप्टन गांवाजवळ टपालाची गाडी व उतारूंची गाडी समोरासमोर आदळून माणसें मेलीं. एका ड्रायव्हरचें घड्याळ मध्यंतरीं चार मिनिटें थांबून पुन्हा आपोआप चालूं लागलें होतें, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर वेब बॉल नांवाच्या क्लीव्हलंडच्या जवाहिऱ्यानें रेल्वेच्या घड्याळांची तपासणी हातीं घेतली, आणि पुढें जे नियम रूढ झाले ते पाहून आम्हां मास्तरलोकांस आपली परीक्षापद्धति पोरखेळ वाटावी. तबकडी उघडी व आंकडे ठळक असावे. माणकें निदान सतरा असावीं. यंत्र निजवून, पालथें, उभें, आडवें, असें पांच स्थितींत तपासलेलें असावें. चौतीसपासून शंभर अंशांपर्यंत उष्णमान बदललें तरी चाल बिघडूं नये. आणि सबंध आठवड्यांत तीस सेकंदांपेक्षां अधिक चूक होऊं नये. हे अंश फॅरेनहाइटचे. आमच्या नगरचा वैशाख शंभराच्याहि वर जातो. तेव्हां येथें टिकलेलें घड्याळ एक इयत्ता पुढचें समजावें.

उष्णतेची ही युक्ति पाहण्यासारखी आहे. घड्याळांत जें चक्र सारखें इकडून तिकडे झुलत असतें, त्यास घड्याळजी बॅलन्स म्हणतात. त्याची कड दोन धातूंची असते, बाहेरून पितळ व आंतून पोलाद. आणि ती दोन ठिकाणीं कापलेली असते. उन्हानें पितळ अधिक वाढतें, म्हणून कडेचीं मोकळीं टोंकें आंत वळतात, चक्र जणूं अंग चोरून घेतें, आणि उष्णतेनें नरम पडलेल्या बारीक स्प्रिंगेची कसर भरून निघते. कडेवर लहान लहान स्क्रू असतात. त्यांनीं वजन तोलावयाचें. हें सर्व चक्र रुपयाच्या जुन्या नाण्याहून लहान, आणि त्याच्या दांड्याचीं दोन टोंकें केंसासारखीं बारीक. तीं टोंकें माणकांच्या भोंकांत फिरतात. यंत्रावरील माणकें शोभेचीं नसतात हें येथें सांगून ठेवतों. तीं काढून अंगठींत बसवूं पाहणारा एक महाभाग आम्हांस भेटला होता.

आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास या चक्रानें एक मौजेचा हिशेब घालून दिला. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेचीं साठ पळें, पळाचीं साठ विपळें. विपळ म्हणजे सेकंदाचे चार दशांश. शाळेंत हें कोष्टक शिकवितांना मुलें विचारीत, ‘गुरुजी, विपळ कोणी मोजलें?’ आणि आम्ही निरुत्तर होत असूं. एल्जिनचें हें यंत्र तासांत अठरा हजार ठोके देतें, म्हणजे सेकंदास पांच. तेव्हां बॅलन्सचें चक्र एकदां जाऊन परत आलें, कीं दोन ठोके झाले आणि बरोबर एक विपळ संपलें. अमेरिकेंतल्या त्या कारागिरांनीं आपल्या ज्योतिषाचें नांवहि ऐकलें नसेल. पण विपळ हातांत धरून दाखविलें तें त्यांनींच.

आतां अपराधाकडे वळतों.

सोनारानें दिलेलें यंत्र त्याच आठवड्यांत आमच्या हातून शहाबादी फरशीवर पडलें, आणि बॅलन्सच्या दांड्याचें एक टोंक मोडलें. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तें एका पितळी डबींत घालून फडताळांत ठेविलें. पुढें आम्ही पारनेर तालुक्यांत एका शाळेवर मास्तर झालों. १९८४ सालीं पुण्यास गेलों असतां जुन्या बाजारांत एका फडक्यावर अगदीं तसेंच एल्जिनचें यंत्र दिसलें. तोच आकार, तीच रचना, तेंहि डबीवांचून. वीस रुपयांस मिळालें. चावीचा चौकोन चिमट्यानें फिरविला, तों तें चालूं लागलें. आम्हांस आकाश ठेंगणें झालें. घरीं येऊन त्याच रात्रीं कंदिलाच्या उजेडांत त्याचा बॅलन्स स्प्रिंगेसकट काढून आजोबांच्या यंत्रांत बसविला. आजोबांचें घड्याळ बारा वर्षांनीं बोलूं लागलें. वडील तेव्हां हयात होते. त्यांनीं तें कानाशीं धरून ठेविलें आणि बराच वेळ खालीं ठेविलें नाहीं.

दुसऱ्या यंत्राचें काय केलें? आमच्या सातवीच्या वर्गांत ‘घड्याळ कसें चालतें’ हा पाठ होता. आम्हीं तें यंत्र उघडून मुलांस दाखविलें, आणि तास संपल्यावर ज्यानें नीट उत्तर दिलें त्यास एकेक भाग बक्षीस दिला. कोणास दांत्यांचें चक्र, कोणास कमान, कोणास नक्षीची पाटी. मुलें हरखलीं, आम्हीहि हरखलों. यंत्राचा क्रमांक लिहून ठेवावा, एवढेंहि सुचलें नाहीं.

ही गोष्ट आम्हीं मोठ्या फुशारकीनें नगरच्या एका वृद्ध घड्याळजीस सांगितली. आम्ही त्यांस चाचा म्हणत असूं; ते आम्हांस मास्तर म्हणत. चाचांनीं भिंगाखालून डोळा वर केला नाहीं. म्हणाले, “मास्तर, एक कू मारके दूसरे कू जिलाए, इसमें हुनर क्या?” मग थोड्या वेळानें विचारलें, “नंबर क्या था?” आम्हांस सांगतां आलें नाहीं. तेव्हां त्यांनीं काम खालीं ठेवून जें समजाविलें, त्याचा अर्थ असा कीं, अमेरिकन यंत्राच्या पाटीवरील क्रमांक म्हणजे त्याची जन्मपत्रिका आहे. कारखान्याच्या नोंदींवरून त्या क्रमांकाचें यंत्र कोणत्या सुमारास झालें, कोणत्या प्रतीचें, तशीं किती केलीं, हें सांगतां येतें. आजोबांच्या घड्याळाचा क्रमांक आठ आंकडी आहे, आणि त्यावरून तें १९१० च्या सुमाराचें ठरतें. पंधरा माणकांचें, मध्यम प्रतीचें, हजारोंनीं केलेलें. आम्हीं जें मोडलें तें कोणत्या प्रतीचें होतें? सतरा माणकांचें होतें एवढें अंधुक आठवतें, म्हणजे निदान आमच्याहून वरचें. त्यापलीकडे कांहीं नाहीं. एखादें पुस्तक फाडावें आणि त्याचें नांवहि पाहूं नये, तसें तें झालें. आणि आणखी एक गोष्ट चाचांनीं सांगितली ती मनांतून जात नाहीं. घड्याळाची चाल ठरविणारा बॅलन्स व त्याची स्प्रिंग हीच काय ती. बाकी सर्व यंत्र त्यांस हालविण्यापुरतें. म्हणजे वडिलांनीं कानाशीं धरून जें ऐकलें, तें आजोबांचें घड्याळ नव्हतेंच.

त्यानंतर सुटीच्या दिवसांत आम्ही चाचांच्या दुकानीं बसूं लागलों. पहिलीं दोन वर्षें त्यांनीं आम्हांस काड्या तासावयास लाविलें. माणकाच्या भोंकांतील जुनें वाळलेलें तेल टोंक काढलेल्या लांकडी काडीनें काढावें लागतें. काडी काळी निघेपर्यंत नव्हे, पांढरी निघेपर्यंत. मग सर्व भाग बेंझिनमध्यें धुवावयाचे. तेल घालावयाचें तें सुईच्या टोंकावर राहील एवढें, ठराविक जागींच. आपल्या घरांतून घड्याळास खोबरेल घालण्याची जी चाल होती, तिनें जितकीं घड्याळें मारलीं तितकीं पडण्यानेंहि मेलीं नसतील. थंडींत खोबरेल गोठतें आणि उन्हाळ्यांत तें धूळ धरतें. शिवणयंत्राचें तेलहि नको, तें पसरतें.

अमेरिकन यंत्रांच्या दोनतीन खोडी मात्र चाचांनाहि गंमतीच्या वाटत. किल्लीची काडी बहुधा यंत्रांत नसून डबींत असते. त्यामुळें डबींतून काढलेलें यंत्र कित्येकदां आपोआप कांटे फिरविण्याच्या स्थितींत जाऊन बसतें, आणि अननुभवी माणसास तें बिघडलें असें वाटतें. दुसरी गोष्ट मोठ्या शहाणपणाची. मुख्य कमान तुटली म्हणजे तिचा झटका उलटा बसून चक्रांचे दांते झडतात. यावर वॉल्थमच्या फॉग नांवाच्या माणसानें १८६५ सालीं तोड काढली. मधल्या चक्राचें लहान दांतेरें आट्यांनीं बसविलें, कीं उलटा झटका बसतांच तें सैल पडावें आणि बाकीच्या चक्रांनीं सुखरूप राहावें. आमच्याकडील तीन यंत्रें या सैल पडण्यामुळेंच वांचलीं आहेत.

होतां होतां आमच्याजवळ तेवीस यंत्रें जमलीं. आमच्या घरांतून त्यांस ‘तेवीस सवती’ म्हणतात. त्यांत एक हॅमिल्टनचें आहे, दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन वैमानिकांसाठीं केलेलें. त्याच्या तबकडीवर चोवीस तास आहेत आणि काडी ओढली कीं सेकंदाचा कांटा थांबतो. एक हॅम्प्डनचें आहे. त्या कंपनीचें पुढें जें झालें तें कादंबरींत शोभावें. १९३० सालीं रशियन सरकारनें तिची सगळी यंत्रसामग्री विकत घेऊन मॉस्कोस नेली, वीसएक अमेरिकन कारागीरहि शिकवावयास गेले, आणि रशियाचा पहिला मोठा घड्याळांचा कारखाना त्यावर उभा राहिला. बाकीचीं बहुतेक एल्जिन व वॉल्थमचीं. वाचकांनीं लागलींच लाखांचीं स्वप्नें पाहूं नयेत. एकट्या एल्जिननें आपल्या आयुष्यांत सुमारें सहा कोटी घड्याळें केलीं. त्यांतलीं पुष्कळ अजून जगांत आहेत. दुर्मिळ असतें तें अंगचे सगळे भाग मूळचे असलेलें, कोणी ‘सुधारलेलें’ नसलेलें यंत्र. जुन्या तबकड्या पुन्हा रंगवून चकचकीत करण्याचा जो धंदा मुंबईंत चालतो, त्यानें परदेशच्या संग्राहकांत आपलें नांव पुरतें खराब केलें आहे. तबकडीवरील केंसाएवढी चीर आम्हांस गोड वाटते. ती निदान खोटें बोलत नाहीं.

ते कारखाने आतां राहिले नाहींत. वॉल्थमनें १९५७ सालीं काम थांबविलें, एल्जिनचा जुना कारखाना १९६६ सालीं पाडला, हॅमिल्टनचें अमेरिकेंतलें काम १९६९ सालीं बंद झालें. आमचेंहि याहून वेगळें झालें नाहीं. १९६१ सालीं जपानी साह्यानें बंगळूरास निघालेला एच. एम. टी. चा कारखाना, ज्याचें घड्याळ आमच्या पिढीस नोकरी लागतांना मिळे, तोहि २०१६ सालीं मिटला. आमचा पुतण्या शिकागोस असतो. तो मुद्दाम एल्जिन गांवीं जाऊन आला आणि त्यानें कळविलें कीं, कारखाना नाहीं, पण कंपनीनें १९१० सालीं बांधलेली वेधशाळा उभी आहे. तारे पाहून त्यांवरून खरी वेळ काढावी व कारखान्यांतील घड्याळें लावावीं, यासाठीं ती होती. आतां ती तेथील शाळाखात्याकडे आहे व मुलें तेथें तारे पाहावयास येतात. आजोबांच्या घड्याळाचें वय आणि त्या वेधशाळेचें वय एक आहे, हें वाचून आम्ही घटकाभर स्वस्थ बसलों.

त्याच पत्राच्या पाठोपाठ त्यानें एक बारकी कुपी धाडली. तींत बॅलन्सचे दोन नवे दांडे होते. नवे म्हणजे त्या काळींच केलेले, पण न वापरलेले, कागदी पुडींत राहून गेलेले. यंत्राचा क्रमांक सांगितला कीं कोणता दांडा लागेल हें अजूनहि सांगतां येतें, आणि तो बसतो. डेनिसनची ती पद्धत दीडशें वर्षांनंतर नगरांत उपयोगी पडली. आजोबांचा मूळचा बॅलन्स, मोडक्या टोंकाचा, आम्हीं त्या पितळी डबींत जपून ठेविलेला होताच. चाचा आतां नाहींत. त्यांची भिंगें व ठोकण्याचीं अवजारें त्यांच्या मुलानें आम्हांस दिलीं. त्यानें स्वतः मोबाईलचें दुकान काढलें आहे.

सांधेदुखीचे हात, आणि काम असें कीं श्वासहि बेतानें घ्यावा. जुना दांडा चक्राची दांडी न वांकवितां काढण्यास तीन संध्याकाळ लागल्या. नवा बसवून त्याची कड ठोकली. चक्र फिरवून सपाट आहे कीं नाहीं पाहिलें. मग तोल पाहिला. दोन पात्यांच्या धारेवर चक्र ठेवलें म्हणजे जड बाजू खालीं येते. ती येईनाशी होईपर्यंत स्क्रूंशीं झगडावयाचें. पहिल्या वेळीं घड्याळ दिवसांत चार मिनिटें पुढें गेलें. महिनाभर लावून सरळ केलें. आतां तें एका जुन्या निकेलच्या डबींत आहे. सोन्याचा हट्ट आम्हीं केला नाहीं. त्या सोन्याचें काय झालें तें आम्हीं पाहिलें आहे.

उसना बॅलन्स बाहेर काढून ठेवतांना सहज पालथा केला, आणि भिंगाखालीं त्याच्या दांडीवर ओरखडे दिसले. धूळ असावी म्हणून पुसलें, तर ते आंकडे निघाले. अमेरिकन कारखान्यांत एका यंत्राचे भाग दुसऱ्यांत मिसळूं नयेत म्हणून कित्येकदां बॅलन्सच्या दांडीखालीं क्रमांक खरडून ठेवीत. चाळीस वर्षें तो क्रमांक आजोबांच्या घड्याळांत झुलत होता आणि आम्ही तो पाहिला नव्हता. अखेरचे चारच आंकडे वाचतां येतात: ७२१८. पुढचे झिजले आहेत.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमची विनंति अशी. यंत्र उघडूं नका, पुसूं नका, त्यास तेल घालूं नका, चालतें काय हें पाहण्यास चावीहि देऊं नका. पाटीवरील क्रमांक कागदावर उतरून घ्या, त्याखालीं तुमच्या मामंजींचें नांव व त्यांचा उद्योग लिहा, आणि कागद यंत्राबरोबर एका हवाबंद डबींत ठेवा. डबीचें काय झालें हें कोणास आठवत असेल तर तेंहि लिहा. ती विकावी लागली असेल तर तसेंच लिहा. दुरुस्ती पुढें होईल, नाहीं तर न होईल.

आणि दुसरी विनंति आमच्या स्वार्थाची. १९८४ च्या त्या सातवीच्या वर्गांतील मुलें आतां पन्नाशी ओलांडून गेलीं असतील. त्यांतलें कोणी हें वाचीत असेल. बक्षीस म्हणून मिळालेली नक्षीची पाटी, चक्र, कमान, कांहींहि एखाद्या कंपासपेटींत पडून राहिलें असेल तर पाहावें. पाटीवरील क्रमांकाच्या शेवटीं ७२१८ असतील तर ती आम्हांस हवी आहे. टपालखर्च आम्ही देऊं. बॅलन्स पुडींत बांधून त्यावर तारीख घालून ठेविला आहे.